साहेबाची जागा

गेल्या वैशाखात घाटंजीला माझ्या भाच्याचं लग्न होतं. मी आणि बायको मोटरसायकलवर निघालो होतो. सकाळचे दहा वाजले असतील, पण ऊन असं की हेल्मेटच्या आत डोकं शिजत होतं. घाटंजी आठ-दहा किलोमीटरवर आलं आणि बायकोने माझ्या पाठीवर थाप मारली. म्हणाली, त्या ट्रॅक्टरच्या तोंडावर बाई काहून बसली आहे हो?

मी गाडी हळू केली आणि पाहिलं. ट्रॅक्टरवर आपल्याकडे माणसं कुठेही बसतात. मडगार्डवर बसतात, ट्रॉलीच्या काठावर बसतात, वरातीत तर बोनेटवरही चढतात. पण हा ट्रॅक्टर नांगरत होता. मागे दोन फाळांचा चांगला वजनदार पलटी नांगर, आणि पुढे बंपरवर लाकडी पाट टाकून त्यावर साठीची एक बाई. पाठ रेडिएटरच्या जाळीला टेकलेली, पाय पुढच्या दोन चाकांच्या मधे लोंबकळणारे. डोक्यावर छत्री, ती जाळीला सुतळीने बांधलेली. आणि बाई मांडीवर कापूस घेऊन देवाच्या वाती वळत होती. दोन्ही हात वातीत, म्हणजे धरलेलं काहीच नाही.

ट्रॅक्टर धुऱ्याशी, म्हणजे वावराच्या बांधाशी आला. ड्रायव्हरने नांगर उचलला. पुढची चाकं जमिनीवरून अलगद सुटली, वीतभर वर गेली, बाई छत्रीसकट वर गेली, आणि धपकन खाली आली. तिने वातीवरून नजरसुद्धा काढली नाही. मी गाडी रस्त्याच्या कडेला लावली, बायकोला म्हटलं तू इथे सावलीत थांब, आणि बुटासकट ढेकळांतून पळत सुटलो. वय चौसष्ट, लग्नाचे कपडे, आणि मी आरडत सुटलेलो की थांबव, थांबव.

मी इतका का हादरलो ते कळायला माझा धंदा थोडा सांगावा लागेल.

एकतीस वर्षं मी पांढरकवड्याच्या एका शोरूममध्ये नांगर जोडायचं काम केलं. विकणारे पुढे, खुर्चीवर. मी मागे, ग्रीसमध्ये. कोणत्या ट्रॅक्टरला कोणता नांगर झेपेल हे ठरवायचं, बसवून द्यायचा आणि गावोगाव जाऊन वावरात चालवून दाखवायचा, म्हणजे डेमो. लोकांना वाटतं यात काय डोकं लागतं, तीन पिना अडकवल्या की झालं. जुन्या काळी ओढायचे नांगर होते. ते आपल्या चाकांवर मागून यायचे, ट्रॅक्टरने फक्त ओढायचं. पण त्यांना वळायला जागा लागते, आणि आपली वावरं अशी की वळेपर्यंत शेजाऱ्याचा धुरा लागतो. म्हणून टांगलेला नांगर आला. खाली दोन हात, वर एक दांडा, त्यात नांगर अडकवायचा, धुऱ्यावर आलं की लिफ्टने सगळाच्या सगळा उचलायचा, वळायचं, पुन्हा टाकायचा.

आता हे सगळं लोखंड मागे टांगलं की काय होतं? कावड डोळ्यांपुढे आणा. मागची मोठी चाकं म्हणजे खांदा. मागच्या टोकाला भरलेला हंडा आणि पुढच्या टोकाला रिकामा, मग पुढचं टोक आभाळाकडे जाणारच. ट्रॅक्टर तोंड उचलतो. तोंड उचललं की स्टिअरिंग नुसतं हवेत फिरतं. आणि फाळ कुठे खडकात अडकला अन् ड्रायव्हरने जोर लावला, तर ट्रॅक्टर मागे उलटून ड्रायव्हरच्याच अंगावर पडतो, आणि त्याला उडी मारायला वेळही मिळत नाही. म्हणून पुढे लोखंडी वजनं लावतात. विटेसारखी, पण एकेक वीट दोन हातांनी उचलावी लागते अशी.

गिऱ्हाईक आलं की मी चार गोष्टी विचारायचो. ट्रॅक्टर किती एचपीचा, जमीन भारी की बरड, वावरात कुंद्याचं गवत किती, आणि पुढची वजनं जागेवर आहेत का. पहिल्या तिन्हींची उत्तरं लोक द्यायचे. एकाने तर आपल्या काळ्या मातीचं ढेकूळ दुपट्ट्यात बांधून आणलं होतं आणि माझ्या टेबलावर ठेवून म्हणाला, पाहा तुम्हीच. चौथ्या प्रश्नाला मात्र सगळे हसायचे. केळापूरच्या एका घरी तसलं वजन लोणच्याच्या बरणीवर दाबून ठेवलेलं मी स्वतः पाहिलं आहे.

मुकुटबनकडचा एक गडी आला. त्याला तीन फाळांचा नांगर पाहिजे होता आणि ट्रॅक्टर होता जेमतेम दोन फाळ ओढणारा. का पाहिजे, तर साडूकडे आहे. मी समजावलं, चिडलो, हात जोडले. तो म्हणाला, ट्रॅक्टर माझा आहे, त्याला काय झेपतं ते मला माहीत. बरं बुवा, म्हटलं, बसा सीटवर. शोरूमच्या अंगणातच नांगर जोडला आणि त्याला लिफ्ट उचलायला लावली. नांगर जागचा हलला नाही, ट्रॅक्टरच पुढून उठला आणि तसाच राहिला. गडी सीटवर, तोंड आभाळाकडे. शांतपणे म्हणाला, उतरवा आता. दोन फाळी घेऊन गेला.

ही गोष्ट मी किती ठिकाणी सांगितली असेल. आणि शेवटी एक वाक्य ठेवून द्यायचो, की एकतीस वर्षांत माझ्या हातून जोडलेल्या नांगराने कोणाला खरचटलंही नाही. निवृत्तीच्या दिवशी हार गळ्यात असतानाही हेच म्हणालो होतो. टाळ्या पडल्या होत्या.

तर ट्रॅक्टर थांबला. चालवणारा तिशीचा पोरगा, नाव प्रवीण. ती बाई त्याची आई, गिरजाबाई. मी धापा टाकत पहिल्यांदा काय म्हणालो असेन? म्हणालो, अरे, ती जाळी झाकून बसली आहे, इंजिन तापेल ना. बाई चाकाखाली जाईल हे नंतर म्हणालो. एकतीस वर्षं लोखंडात गेली की माणूस असा होतो, आणि त्याची मला अजून लाज वाटते.

प्रवीण म्हणाला, तापते ना, म्हणून दर दोन तासांनी बंद करतो. चहा पिऊन घेतो तोपर्यंत. ट्रॅक्टर सेकंडहँड, तेलंगणातून आणलेला, पुढची वजनं आलीच नाहीत. आईला मागच्या साली जिनिंगच्या काट्यावर मोजून घेतलं होतं. ती म्हणजे बरोबर तीन वजनं. हे त्याने असं सांगितलं की जणू एखाद्या कारखान्याने तीन वजनं कमी पाठवली आणि देवाने भरपाई केली.

मी जवळ गेलो तर आणखी एक दिसलं. बाईच्या कमरेभोवती जुन्या लुगड्याचा पट्टा होता आणि तो मागे जाळीच्या पट्टीला गाठ मारून बांधला होता. हातांचा भरवसा नको म्हणून बांधून घेतो, प्रवीण म्हणाला. अरे बाबा, ट्रॅक्टर उलटला तर तिला उडीही मारता येणार नाही. मी गाठ सोडायला हात पुढे केला, तर गिरजाबाईने माझा हात बाजूला केला. रागाने नाही, उघड्या डबीवरून माशी हाकलावी तसा.

मी विचारलं, हे शिकवलं कोणी तुम्हाला? कोणाच्या डोक्यातून आलं हे?

प्रवीण म्हणाला, गावात जुनी पद्धत आहे, चार-पाच ट्रॅक्टरांवर असा पाट आहे. मग पाटावर हात मारून म्हणाला, "हिले साहेबाची जागा म्हन्ते आमच्या गावात. पांढरकवड्याहून कोनी डेमोवाला साहेब आलता, तो बसला होता पह्यला. मी लहान होतो. बाबाले इचारा, थे तिकडं बसून हाय."

पांढरकवड्याहून डेमोला त्या काळी एकच माणूस जायचा.

मी आजूबाजूला पाहिलं. गाव ओळखीचं वाटत नव्हतं. रस्ता डांबरी झाला होता, घरं सिमेंटची झाली होती. पण धुऱ्यावरचा कडुलिंब पाहिला आणि सगळं एकदम समोर आलं, पंचवीस वर्षांपूर्वीची ती सकाळ, जशीच्या तशी.

त्या दिवशी मी शोरूमचा डेमोचा ट्रॅक्टर स्वतः चालवत या गावी आलो होतो. पॉवर स्टिअरिंग तेव्हा नव्हतं. पुढची वजनं लावली की स्टिअरिंग इतकं जड व्हायचं की पन्नास किलोमीटरमध्ये मनगटं भरून यायची. म्हणून निघताना मी वजनं काढून गोदामात ठेवली. विसरलो नव्हतो, काढून ठेवली. म्हटलं एका दिवसाचा तर खेळ आहे. वावरात नांगर उचलला आणि ट्रॅक्टरने तोंड उचललं. सगळं गाव जमलेलं, पोरं हसायला लागली. आता यांना सांगायचं काय, की वजनं मी घरी ठेवून आलो? नांगर घ्यायला आलेला शेतकरी तिथेच पलटला असता. मी खाली उडी मारली, शेतकऱ्याचा ड्रायव्हर शेजारी उभा होता त्याला सीटवर बसवलं आणि मी स्वतः बंपरवर जाऊन बसलो. तोंड खाली राहिलं. चार तासं मारली, म्हणजे नांगराच्या चार ओळी. लोकांनी वाहवा केली, नांगर खपला. वजनांबद्दल मी एक अक्षरही बोललो नाही.

तो ड्रायव्हर आता कडुलिंबाखाली खाटेवर बसला होता. देवराव. प्रवीणचा बाप. शेजारी कुबडी. डाव्या पायाचं धोतर गुडघ्याशी मुडपून खोचलेलं होतं.

त्याने मला लांबूनच ओळखलं. चाल तीच आहे म्हणाला. इतका आनंद झाला त्याला की खाटेवरून उठायलाच लागला. वानखडे साहेब आले, पाणी आणा, चहा मांडा, म्हणून हाका मारल्या. मी त्याच्या पायाकडे पाहत होतो आणि विचारायची हिंमत होत नव्हती. त्यानेच सांगितलं.

मी गेल्यावर त्या नांगर घेणाऱ्या शेतकऱ्याचा पोरगा ट्रॅक्टर शिकला आणि देवराव पुढे बसायला लागला. अकरा वर्षं बसला. मग एका उन्हाळ्यात याच शिवारात, धुऱ्याशी नांगर उचलताना तोंड वर गेलं, खाली आपटलं, आणि देवराव पुढे फेकला गेला. डावं चाक पायावरून गेलं. यवतमाळच्या दवाखान्यात गुडघ्याखालून पाय काढला. त्याला चौदा वर्षं झाली.

मी काहीतरी पुटपुटलो. तर तोच मला समजवायला लागला.

"तुमी कायले मनाले लावता साहेब? तुमी शिकोलं थे बराबर होतं. तुमी दोन्ही हातानं धरून बसले होते. मी खर्रा घोटत होतो. हात मोकळे नोते माहे. चूक माहीच." आणि हसून म्हणाला, त्या दिवसापासून खर्ऱ्याच्या तंबाखूला हात लावला नाही. खर्ऱ्याने पाय खाल्ला माझा.

वाचणाऱ्याला कदाचित वाटेल की मला त्या क्षणी सुटल्यासारखं वाटलं असेल. तसं झालं नाही. कारण मी धरून बसलो नव्हतो. मी हाताची घडी घालून बसलो होतो. समोर गाव उभं होतं, त्या शेतकऱ्याची सून धुऱ्यावरून पाहत होती, मी तेव्हा चाळिशीच्या आतला होतो, आणि ऐट म्हणून छाती काढून, हाताची घडी घालून बसलो होतो. देवराव मागे सीटवर होता. त्याला बोनेटच्या वरून माझी पाठ आणि टोपी तेवढी दिसत होती. हात दिसत नव्हते. बाकीचं त्याने मनाने भरलं. साहेब आहे म्हणजे नीटच बसला असेल.

पडलो नाही ते नशीब. ढेकूळ मऊ होतं, नांगर आजच्या निम्म्या वजनाचा होता. बस्स.

तेवढ्यात गिरजाबाई आली. गाठ सोडून, गुडघ्यांवर हात ठेवत, एकेक पाऊल टाकत. तिला चालताना पाहिलं आणि कळलं की ती वावरात दुसरं काहीच करू शकत नसणार. मी तिला हात जोडून म्हटलं, बाई, आजपासून तिथे बसू नका. यांचा पाय गेलेला डोळ्यांनी पाहिला आणि तरी तुम्ही तिथे बसता?

ती म्हणाली, "यायचा पाय गेला म्हनूनच बसली मी. दुसऱ्याचा लेक कायले बसवू तिथी? न् उतरली तं करू काय? निंदन होत नाई, येचनी होत नाई. घरी बसली तं सून भाकर देईन, पन थे गोड लागन काय मले?"

ती वातींची पुडी पदराला बांधून परत जायला वळली. प्रवीणही वळला. अर्धं वावर व्हायचं होतं, दोन तास वाया घालवायला कोणाला परवडतात? मला दिसलं की मी गप्प बसलो तर पाच मिनिटांत ही बाई पुन्हा त्या पाटावर असेल. आणि मी मोटरसायकलला किक मारून लग्नाला जाईन. चहा तर प्यायलाच होता.

मग मी बोललो. देवरावसमोर खाली मातीत बसलो आणि सगळं सांगितलं. त्या डेमोच्या ट्रॅक्टरलाही पुढची वजनं होती, हे तुम्हाला मीच सांगितलं नाही. ती मी गोदामात काढून ठेवली, माझी मनगटं दुखत होती म्हणून. माणूस पुढे बसवायचा नसतो, कधीच, कोणीच, दोन हातांनी धरून नाही की बांधूनही नाही. आणि मी धरून बसलो नव्हतो. हाताची घडी घातली होती. पडायचं तर मी त्या दिवशीच पडलो असतो.

देवरावचं हसू तसंच राहिलं थोडा वेळ. उतरायला त्याला वेळ लागला. मग तो आपल्या पायाकडे, म्हणजे पाय नाही तिथे, पाहत राहिला. ट्रॅक्टर तिकडे रिकामाच धडधडत होता.

"मंग चौदा वर्सं मी माहीच चूक समजून राह्यलो?" देवराव म्हणाला.

मी मान खाली घातली.

मग तो म्हणाला, "जा तुमी आता. लग्नाले उशीर हून राह्यला."

शिवी दिली असती तर बरं झालं असतं. मी उठलो. पाठ करून चालताना कान मागेच होते, ट्रॅक्टर पुन्हा चालायला लागतो का, नांगर पडल्याचा आवाज येतो का. आवाज आला नाही. इंजिन बंद झालं. का बंद झालं ते मला कळलं नाही. बायको रस्त्यावर उन्हाने लाल झाली होती. माझा चेहरा पाहून तिने नुसतं हेल्मेट पुढे केलं.

लग्नात वाढलेलं ताट तसंच राहिलं. मी बोटांवर गावं मोजत होतो. कारण वजनं काढून ठेवणं ही त्या एका दिवसाची गोष्ट नव्हती. ती माझी सवय होती. जोपर्यंत पॉवर स्टिअरिंगचा ट्रॅक्टर मिळाला नाही तोपर्यंत लांबच्या डेमोला मी वजनं कधी नेलीच नाहीत. आणि तोंड उचललं की बसवायचो कोणाला तरी पुढे, नाहीतर स्वतः बसायचो. मोजता मोजता एका हाताची बोटं संपली. ज्या वाक्यावर टाळ्या पडल्या होत्या ते वाक्य आठवलं. खरचटलं नाही म्हणे. मी परत जाऊन पाहिलंच कुठे होतं?

दुसऱ्या दिवशी शोरूमला गेलो. आता तिथे मालकाचा मुलगा बसतो. त्याला म्हटलं, मला गोदामात जायचं आहे. ती वजनं तिथेच होती. गोदामाचा पत्र्याचा दरवाजा वाऱ्याने आपटतो म्हणून कोणीतरी ती त्याला टेकवून ठेवली होती. कोणीतरी कशाला म्हणू, मीच ठेवली होती. वर्षानुवर्षं रोज सकाळी त्यांना पायाने सरकवून मी आत जात होतो. डेमोचा ट्रॅक्टर केव्हाच विकला गेला, वजनं राहिली. गंज चढला होता, पण लोखंडाला काय होतं.

घासली, रंग दिला, प्रवीणच्या ट्रॅक्टरला बसतील अशी पट्टी वेल्डिंगवाल्याकडून करून घेतली, आणि तिसऱ्या दिवशी मालवाहू रिक्षा करून गावात गेलो. जाताना मनात एकच भीती. या तीन दिवसांत ती बाई पुन्हा बसली असेल. आणि काही झालं असेल.

ट्रॅक्टर वावरात होता. ज्या तासात मी थांबवला होता त्याच तासात. फाळ मातीत, पाट रिकामा, छत्री जाळीला तशीच उघडी. तीन दिवसांत एक वीतभरही पुढे गेला नव्हता. प्रवीण रस्त्यावरच भेटला, चेहरा उतरलेला. म्हणाला, तुम्ही गेले आणि बाबांनी मला इंजिन बंद करायला लावलं, चावी मागून घेतली. खिशात ठेवून बसले आहेत. आईला बसू देत नाहीत, आणि आई बसल्याशिवाय नांगर उचलता येत नाही. तीन दिवस घरात कोणी कोणाशी बोललं नाही.

देवराव खाटेवर तिथेच होता. मी रामराम घातला, त्याने मान हलवली. मी आणि प्रवीणने सहाच्या सहा वजनं चढवली. वरचा दांडा नीट लावला. कुंदा मुळापासून निघावा म्हणून प्रवीणने फाळ फार खोल घातला होता, तो वर घेतला. पाट काढायला मी पाना लावला तर नट गंजून बसलेले. चार नट काढायला अर्धा तास गेला, आणि तेवढा वेळ देवराव माझ्या हातांकडे पाहत होता. मी पाना खाली ठेवला की बघायचा कुठे ठेवला.

काम झालं तेव्हा त्याने खिशातून चावी काढली आणि माझ्यापुढे धरली. "पह्यले तुमी चालवा," म्हणाला.

मी सीटवर चढलो. किती वर्षांनी चढलो होतो. एक तास मारलं. धुऱ्याशी आलो, लिफ्ट ओढली. नांगर वर आला. पुढची चाकं जमिनीवर तशीच. स्टिअरिंग फिरवलं, ट्रॅक्टर वळला. एवढीच गोष्ट होती. पंचवीस वर्षांपूर्वी याच धुऱ्याशी हे एवढंच दाखवायचं होतं मला. मी उतरलो आणि प्रवीणला सीट दिली.

गिरजाबाई आली होती. तिने वजनांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. झाडाच्या पलीकडच्या बाजूला, आमच्याकडे पाठ करून बसली आणि वाती काढल्या. मला तिने पाणी विचारलं नाही, आणि अजूनही मी गेलो की विचारत नाही. तिचा राग मला कळतो. मी तिचा जीव वाचवला असं मी म्हणेन, तिच्या हातचं काम काढून घेतलं असं ती म्हणेल, आणि तिचंही खोटं नाही. नंतर मी बाकीच्या गावांतही फिरून आलो. बहुतेक ठिकाणी लोक मला विसरले होते. एका ठिकाणी पाट सापडला. तिथेही नट गंजलेले होते.

पण त्या दिवशीचं सांगायचं राहिलं. काढलेला पाट मी हातात घेऊन उभा होतो. घेऊन जावा, जाळून टाकावा, काय करावं कळेना. देवराव खाटेवरून कुबडीच्या आधाराने उठला, पाट माझ्या हातातून घेतला, कडुलिंबाच्या बुडाशी दोन दगडांवर ठेवला आणि म्हणाला, "बसा साहेब. जागा तुमचीच हाय."

तो हसत नव्हता आणि चिडलेलाही नव्हता. मी बसलो. तोही माझ्या शेजारी, त्याच पाटावर टेकला, अर्धा पाय पुढे काढून. आम्ही नांगरणी पाहत बसलो. प्रवीण लांबच्या धुऱ्याकडून वळून आमच्याकडे यायचा, ट्रॅक्टरचं रिकामं तोंड मोठं मोठं होत जायचं, आणि आमच्यासमोर आला की तो नांगर उचलायचा. देवराव त्या वेळी दोन्ही हातांनी पाटाची कड घट्ट धरायचा. मी म्हटलं, आता उठत नाही तोंड, वजनं आहेत. तो हौ म्हणाला. आणि पुढच्या तासालाही धरली. त्याच्या पुढच्यालाही. वावर संपेपर्यंत, दर वेळी.